वीस रुपयांची वावरी

नवरात्रात पाचव्या माळेला आईचा व्हिडिओ कॉल आला आणि नेहमीसारखा पहिलाच प्रश्न, घट कसा आलाय दाखव. मी मोबाईल घेऊन देव्हाऱ्यापाशी गेले, कॅमेरा फिरवला आणि परडीवर धरला. एरवी आई लगेच बोलायला लागते, गहू बघ कसा तरारलाय, मका जरा मागं पडलाय, पाणी बेतानं घाल गं, असं काहीबाही. यावेळी गप्पच. मला वाटलं रेंज गेली. मग तिनं विचारलं, "माती कुठली घातलीस?" म्हणलं मंडईतनं आणली, २० रुपयाला पिशवी, बाईनं वावरी, म्हणजे घटाला घालायची रानातली माती, म्हणूनच दिली. परत जरा वेळ गप्प. आणि मग एवढंच, "मेलीया ती माती, बाळ." लगेच विषय बदलला, गुडघ्याचं सांगितलं, मुलांच्या परीक्षेचं विचारलं, फोन ठेवला. मी मात्र तिथंच परडीसमोर बसून राहिले.

दरवर्षी घटाची माती गावाकडनंच यायची. पितृपक्षात कुणी ना कुणी पुण्याला येणारं असायचंच, त्याच्याकडं आई एका जुन्या उशीच्या अभ्र्यात दोन-तीन किलो माती बांधून द्यायची. यंदा तिचा गुडघा, वर पाऊस, कुणी आलं नाही, म्हणून मी पहिल्यांदा विकत घेतली. आता नीट बघितलं तर मातीवर पापुद्रा धरला होता. पाणी घातलं की ते वरच थांबायचं आणि मग एकदम परडीच्या खालनं निघून जायचं. कडेला पांढरट भुकटी दिसत होती, चिमटीत घेऊन जिभेला लावली तर खारट. मधेमधे विटेचे बारीक तुकडे, थर्माकोलचे दोन-तीन मणी. ज्वारी तर उगवलीच नव्हती, गव्हाच्या काड्या आल्या होत्या पण एकेकट्या, लांब लांब. मी वाकून वास घेतला. काहीच नाही. बंद फ्लॅटमधल्या धुळीला येतो तेवढा वास.

आजीच्या घटाला किती वास यायचा! आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आजी मला घेऊन मळीच्या रानात जायची. मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, ज्यांना माहितीये त्यांना नुसत्या शब्दावरनं कळेल काय प्रकार असतो तो. पाय टाकला की गार आणि मऊ, टाच थोडी आत जायची. आजी बांधाजवळची माती कधी घ्यायची नाही, झाडाखालची नाही, मधल्या सरीतली घ्यायची. आधी वरचा थर हातानं बाजूला करायची, मग खालची मूठभर उचलून तिचा लाडू वळायची आणि अंगठ्यानं हळूच दाबायची. लाडू चिकटून राहिला की म्हणायची अजून ओल जास्त हाय, वळलाच नाही तर म्हणायची वाळली. दाबल्यावर जो मधोमध अलगद फुटायचा, तो वाफसा. वाफसा आलेली मातीच घटाला. मला तेव्हा वाटायचं हा पूजेतलाच काहीतरी नियम असणार, सोवळ्यासारखा. खूप नंतर कळलं की मुळांना पाणीही पाहिजे आणि हवाही पाहिजे, आणि दोन्ही बरोब्बर जमलेल्या त्या एक-दोन दिवसांना आपल्या भाषेत हा एक शब्द आहे. मातीसाठी असे किती शब्द आजीच्या तोंडात होते, पोयटा, करल, बरड, चोपण. आणि माझा सगळ्यात आवडता, बेवड. आधीचं पीक जाताना जमिनीत जे काही मागं ठेवून जातं ते. "हरभऱ्याचा बेवड हाय, ऊस चांगला येणार," असं ती म्हणायची. पीक कापून नेलं, विकलं, पैसे पण संपले, तरी त्याचं काहीतरी रानात राहिलेलं असतं आणि पुढचं पीक त्याच्यावर वाढतं, हे त्या शब्दात धरलेलं आहे.

घट म्हणजे तरी काय, आता पेरायचं त्या बियाण्याची परीक्षाच की. रब्बीच्या तोंडावर प्रत्येक घरात नऊ दिवस बी मातीत ठेवून बघायचं, काय उगवतंय, किती उगवतंय. लोटक्यातलं पाणी पाझरून मातीला आपोआप ओल मिळत राहायची. कारळ्याच्या फुलांची माळ चढायची, अंधारात वाढलेली ती पिवळी रोपं वितभर व्हायची आणि दसऱ्याला आजोबांच्या टोपीत त्यांचा तुरा. बी कसंय ते कळायचंच, पण बी नेहमीचं घरचं असताना घट नीट आला नाही तर? मग परीक्षेत नापास कोण झालं?

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी उगाच मातीबद्दल वाचत बसले. पहिल्या पावसाचा जो वास येतो तो खरं तर मातीतल्या जिवाणूंचा असतो हे कुठंतरी कानावर होतं, पण त्या जिवाणूंच्या कुळाचं नाव वाचलं आणि उठून बसले. स्ट्रेप्टोमायसिस. आमच्या आजोबांना तरुणपणी टीबी झाला होता, पन्नासच्या दशकातली गोष्ट. बैलगाडीतनं स्टेशनला नेलं, तिथनं मिरजेला. घरच्यांनी जवळपास आशा सोडली होती असं आजी सांगायची. पण तिथं "सुया" दिल्या, रोज एक, कितीतरी महिने, कमरेला गाठी झाल्या होत्या म्हणे, आणि माणूस चालत घरी आला. त्या सुया स्ट्रेप्टोमायसिनच्या. ते औषध १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं, टीबीवर चालणारं पहिलं अँटिबायोटिक, आणि मिळालं ते याच कुळातल्या, मातीत राहणाऱ्या एका जिवाणूपासून. म्हणजे जे कूळ मृगाच्या पावसात अंगणभर वास सोडतं, त्याच्यातल्याच एकानं आमच्या आजोबांना परत पाठवलं. ते आले म्हणून पुढं पप्पा जन्मले, म्हणून मी. मूठभर जित्या मातीत पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त जीव असतात असं शास्त्रज्ञ सांगतात. आई शास्त्र शिकलेली नाही, चौथीतनं शाळा सुटली तिची, पण माती मेलीय हे तिला मोबाईलच्या स्क्रीनवर पाच इंचात कळलं.

आता जे लिहायचंय ते मी बरीच वर्षं टाळत आलीये.

२००९ साली आम्ही त्या मळीच्या रानातली माती वीटभट्टीला विकली. ३० गुंठ्यांचा तुकडा, त्यातली वरची २ फूट. तात्यांच्या, म्हणजे मोठ्या काकांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, ताईचं लग्न ठरलेलं. वर असंही कारण होतं की तो तुकडा शेजारच्या रानापेक्षा उंच होता, पाणी चढायला त्रास व्हायचा. भट्टीवाला म्हणाला, माती उचलली की रान आपोआप लेव्हलला येईल, तुमचंच काम होईल आणि वर पैसे. ऐकायला किती सरळ वाटतं! रान आपलंच राहणार, सातबारा आपलाच राहणार, फक्त वरची माती जाणार, आणि माती काय, खाली आहेच की अजून. मी तेव्हा सुट्टीला गावी होते. जेसीबीचा आवाज सकाळी सहाला सुरू व्हायचा. पहिल्या दिवशी मी बघायला गेले होते, बकेट जमिनीत घुसली आणि वर आली तेव्हा तिच्या दातांमधून काळीभोर ढेकळं खाली पडत होती, त्यातनं गांडुळं लोंबत होती, आणि मागं बगळ्यांची रांगच्या रांग. आजी तेव्हा होती. ती आठ दिवस त्या बाजूला फिरकली नाही. कुणाला काही बोलली नाही, भांडली नाही, फक्त त्या वर्षी घटाची माती आणायला एकटीच गेली, मला न सांगता, आणि घरामागच्या परड्यातली घेऊन आली.

कागदावर पप्पांचीही सही होती.

पप्पांच्या वाट्याचे पैसे पुण्याच्या या फ्लॅटच्या बुकिंगला गेले. याच फ्लॅटच्या, जिथं मी त्या रात्री भिंतीला टेकून वाचत बसले होते. पप्पांना दोष द्यायचा नाहीये मला, तात्यांना तर नाहीच. कर्ज त्यांच्या मानेवर होतं, माझ्या नाही. आणि गावाकडची माणसं माती विकतात असं म्हणताना ती कुणाच्या घरासाठी विकली जाते हे आम्ही शहरात आलेले सोयीनं विसरतो. माझ्या पाठीमागच्या विटा नेमक्या कुठल्या रानातल्या ते मला माहिती नाही, पण कुठल्या ना कुठल्या रानातल्या आहेत. यावेळी पहिल्यांदाच मी हिशोब मांडला. ३० गुंठे म्हणजे ३२,६७० चौरस फूट. २ फूट खोल म्हणजे, १०० घनफुटाचा एक ब्रास धरून, साधारण ६५० ब्रास माती. २ ब्रासचा ट्रक धरला तर सव्वातीनशे खेपा. माती नुसती मातीच नसते ना. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो झिजून झिजून, कोयना-कृष्णेनं वाहून आणून, दर पुराला एकेक पातळ थर असं करत ते रान घडलेलं. त्यावर पिढ्यान् पिढ्यांचं शेणखत, धनगरांनी मेंढरं बसवलेली, ताग गाडलेला. आजी सांगायची, मेंढरांचा वाडा रानात बसवला की धनगराला पायल्या मोजून धान्य द्यायचं, दोन रात्रींचं लेंडीखत तीन वर्षं पुरायचं. हे सगळं त्या वरच्या दोन फुटातच होतं. ते महिन्याभरात गेलं, भट्टीत भाजलं गेलं, आणि भाजलेली माती परत माती होत नाही.

सरकारदरबारी मातीची नोंद गौण खनिज अशी आहे. रॉयल्टी भरायची, परवानगी घ्यायची. कायद्याच्या भाषेत त्याला वेगळा अर्थ असेल, पण गौण हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. तसं १९९९ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढलीच होती, वरची सुपीक माती विटांसाठी उकरणं कमी व्हावं म्हणून औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरातल्या भट्ट्यांनी राख वापरावी अशी. म्हणजे हे नुकसान कुणाला कळलं नव्हतं असं नाही. आमच्या कृष्णाकाठी मात्र भट्ट्या धडधडत होत्या आणि रानं खाली खाली जात होती.

पुढं काय झालं ते तर अजून वाईट. उंच असलेलं रान आता भोवतालच्या रानांपेक्षा खाली गेलं. आजूबाजूला सगळा ऊस, त्याला पाट भरभरून पाणी, ते सगळं झिरपून आमच्या तुकड्यात यायला लागलं. २०१९ च्या पुरात बाकीच्यांच्या रानातलं पाणी ओसरलं तरी आमच्यात कितीतरी दिवस तसंच उभं होतं. मग एका उन्हाळ्यात दादा, तात्यांचा मुलगा, फोनवर म्हणाला, "मीठ फुटलंय गं रानात." पांढरं. सकाळी सकाळी बघितलं तर दव पडल्यासारखं दिसतं म्हणे. मीठ फुटणं आमच्या भागात नवं नाही, वाळवा, मिरज, शिरोळ, कुठंही जा, एकेकाळी शंभर टनाचा उतारा देणारी रानं चोपण होऊन पडलीत, बाभळी आणि लव्हाळा सोडून काही उगवत नाही. आणि ते काही वीटभट्टीमुळं नाही, ते आमच्याच पाण्यामुळं. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस असं धरून तीन पिढ्या चालल्या. खालची पाण्याची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले, पाणी उन्हानं उडून गेलं आणि क्षार तिथंच बसले. शिरोळकडं लोकांनी एकत्र येऊन जमिनीखालनं सच्छिद्र पाईप टाकलेत, क्षाराचं पाणी बाहेर काढलंय, मेलेल्या जमिनी परत पिकाखाली आणल्यात. पण ते एकट्यादुकट्याचं काम नाही, पाणी शेवटी कुणाच्या तरी रानातनं न्यावं लागतं आणि बांधाच्या कोर्टकेसेस काय असतात ते मी सांगायला नको.

पाचट, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात राहणारा वाळका पाला, पेटवायचे तेव्हा आम्ही पोरं गच्चीवर जाऊन बघायचो, हे पण आठवलं. ऊस गेला की संध्याकाळी रानं पेटायची, सगळ्या शिवारात केशरी रेघा, हवेत काळी तुसं उडायची, ती पकडायचा खेळ असायचा. किती सुंदर दिसायचं ते. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, म्हणजे तेवढं खत आम्ही एका रात्रीत जाळत होतो आणि महिन्याभरानं दुकानातनं युरियाची पोती आणत होतो.

कोजागिरीच्या सुट्टीला मी गावी गेले. जाताना घटाची माती बरोबर घेतली. दसऱ्याला घट उठवला तेव्हा ती कुंडीत टाकवेना, नदीत सोडवेना, तशीच परडीसकट पिशवीत बांधून ठेवली होती. एसटीत मांडीवर घेऊन बसले होते, शेजारच्या बाईंनी विचारलं प्रसाद आहे का. मी हो म्हणाले.

दादा आता पन्नाशीला आलाय. पाच वर्षांपूर्वी त्यानं पाचट जाळायचं बंद केलं. भावकीत बरीच बोलणी खाल्ली, उंदीर होतील, साप होतील, खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाला, पाणी जाणार नाही, काय काय. त्यानं पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस कुठल्याशा शिबिरात ऐकली होती, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू खत पाचटावर टाकून ते सरीतच कुजू द्यायचं. मला घेऊन खोडव्याच्या फडात शिरला. बाहेर ऊन तावत होतं पण आत गार. सरीत खाली बसला आणि पाचटाचा एकेक थर उचलायला लागला, जुनी वही उघडावी तसा. वरचा थर कडक, वाळलेला, हात कापेल असा. त्याखालचा तपकिरी, ओलसर, मऊ. त्याखाली पाचटाची फक्त जाळी उरली होती आणि तिच्यात पांढरे बारीक धागे विणल्यासारखे, बुरशीचे. आणि सगळ्यात खाली माती, चहापत्तीसारखी दाणेदार, गांडुळाच्या विष्ठेच्या गोळ्या गोळ्या. त्यानं बोटानं उकरलं तर दोन गांडुळं वळवळत आत गेली. मी मूठभर घेऊन नाकाला लावली. आला! तोच वास, आजीच्या घटाचा. मला बोलता येईना. दादा पण काही बोलला नाही, माती परत जागच्या जागी ठेवून त्यावर पाचटाचे थर तसेच, त्याच क्रमानं झाकत बसला.

घरी आल्यावर त्यानं माती परीक्षणाचे दोन कागद दाखवले. नमुना घेताना आजीसारखंच करायचं असतं हे ऐकून मला गंमत वाटली, बांधाजवळचा नको, झाडाखालचा नको, वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, नागमोडी फिरत ठिकठिकाणी इंग्रजी व्हीसारखे खड्डे घेऊन माती काढायची, मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. पाचट ठेवायला लागला त्या वर्षीच्या कागदावर सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातनं मातीत उरतो तो, ०.३४ टक्के, म्हणजे कमी. यंदाच्या कागदावर ०.५२, मध्यम. पाच वर्षांत एवढंच. "एवढंच?" असं माझ्या तोंडून गेलं. तो म्हणाला, "एवढंच. जायला येळ लागत न्हाई, यायला लागतो." आणि खालच्या तुकड्याचं? तिथला कागद त्यानं काढलाच नाही. तिथं धैंचा, हिरवळीच्या खताचं पीक, पेरून गाडतोय तीन वर्षं, कडेनं चर मारलाय, निचरा थोडा सुधारलाय, मधल्या भागात अजून पांढरंच आहे. तात्या रोज संध्याकाळी काठी टेकत तिथं जाऊन बसतात. मी गेले तेव्हा बांधावर होते. मला बघून सरकून जागा दिली, आणि बराच वेळानं म्हणाले, "तुझ्या बापाला मीच सही करायला लावली बरं का." मी म्हणलं, तात्या, पैसे आम्हीच वापरले. त्यावर ते काही बोलले नाहीत. खाली धैंच्यावर पिवळी फुलं आली होती, मधे एक मोठा तुकडा नुसताच मोकळा.

निघायच्या दिवशी पिशवीतली माती काढली. आईनं हातात घेऊन चोळली, पायरीवर ठेवली, म्हणाली हिला रानात नको नेऊस, आधीच काय कमी हाय का तिथं. मला ती फेकायची नव्हती. शेवटी दादा ती उकिरड्यावर घेऊन गेला. शेणखताच्या ढिगाला एका बाजूनं फावड्यानं वाफ निघेपर्यंत उकरलं, पिशवी उलटी केली, गव्हाच्या त्या पाच-पंचवीस वाळक्या काड्यांसकट. वरनं पाण्याची बादली ओतली. मग खाली बसून हातानं चाचपून विटेचे तुकडे वेचायला लागला, एकेक करून बाजूच्या दगडावर ठेवत. मी थर्माकोलचे मणी वेचले. आई दारातनं ओरडत होती, एसटी चुकंल.